त्सेल आम झे : तळ्याकाठचं परवडणारं हॉटेल घ्यावं का? (आई-बाबा, दोन मुलं आणि स्कीवेडा नवरा)

वैदेही_म्युनिक | १४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाई आहे.

जानेवारीत आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे येताहेत. बाबा ७१, आई ६६. नवऱ्याला तीन वर्षांपासून स्कीइंगचं वेड लागलंय, दहा वर्षांचा मुलगा त्याच्याही पुढे गेलाय, सहा वर्षांची मुलगी यंदा स्की स्कूलला जाईल. मी स्कीजवर उभी राहू शकते, त्यापुढे देवाची मर्जी. आई-बाबांनी बर्फ पाहिलाय तो एकदा रोहतांगला, तोही गाड्यांनी तुडवून चिखल झालेला.

नवरा म्हणतो स्की करणाऱ्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या पायथ्याशीच राहू. दोन खोल्या, सहा रात्री, तिथले दर पाहून मी लॅपटॉप मिटला. मग शोधता शोधता ऑस्ट्रियातलं त्सेल आम झे सापडलं. तळ्याकाठच्या हॉटेलांत हाफ बोर्ड (नाश्ता आणि रात्रीचं जेवण) धरूनही खोलीमागे रात्रीला ५५-६० युरो कमी दिसतात. फोटोत तळं, मागे डोंगर, बाल्कनीत केकची बशी. इतकं छान आहे तर स्वस्त कसं? गोम कुठे आहे?

आणि न स्की करणाऱ्या दोन ज्येष्ठांनी सहा दिवस तिथे करायचं काय, तेही सांगा. "निसर्ग बघायचा" हे उत्तर बाबांना दोन दिवस पुरेल.

भटक्या_सदाशिव | १४ नोव्हेंबर, रात्री ११:१५

एवढे युरो घालवण्यापेक्षा सगळ्यांना घेऊन गुलमर्गला जा. गोंडोला (केबल कार) जवळपास चार हजार मीटरपर्यंत नेतो, राजमा-चावल मिळतो, आई-बाबांना भाषेची अडचण नाही.

टूलिप_मंदार | १४ नोव्हेंबर, रात्री ११:३२

सदाशिवराव, ती म्युनिकला राहते. तिथून त्सेल गाडीने अडीच तासांवर आहे. गुलमर्गसाठी आई-बाबांना पुन्हा विमानात बसवायचं का?

इन्सब्रुकचा_बंड्या | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

वैदेहीताई, गोम आहे. पण ती लपवलेली नाही, नकाशा उघडला की दिसते.

तळं साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, सुमारे चार किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद. गाव तळ्याच्या पश्चिम काठाला. गावाच्या पाठीमागे श्मिटनहोहे, माथा १९६५ मीटर. स्कीइंग तिथे वर चालतं, तळ्याकाठी नाही. स्कीचे बूट घालून तळ्यावरून लिफ्टपर्यंत पोहोचायला जो वेळ आणि वैताग लागतो, त्याची किंमत म्हणजे तुमचे ते ५५ युरो. लिफ्टच्या पायथ्याचा हॉटेलवाला तुम्हाला सकाळची पाऊण तास झोप विकतो, बाकी काही नाही.

आता ही झोप कुणाला हवी आहे ते बघा. चौघं पट्टीचे स्की करणारे असतील तर मी म्हणेन लिफ्टपाशीच राहा. पण तुमच्या सहाजणांत खरे स्की करणारे अडीच. उरलेल्या साडेतीन जणांना लिफ्टच्या पायथ्याशी पार्किंग लॉट आणि भाड्याच्या स्कीजची दुकानं बघत दिवस काढायला लागेल. तळ्याकाठी निदान सपाट चालायला मिळतं, आणि सत्तरीतल्या माणसाला डोंगरातल्या गावात सपाट रस्ता मिळणं सोपं नाही.

मात्र "तळ्याकाठी" म्हणजे कुठला काठ ते नीट विचारा. तीन प्रकार आहेत.

गावातला पश्चिम काठ. चालत सगळं जवळ, दुकानं, चर्च, स्टेशन, आणि गावाच्या मधूनच वर जाणारा गोंडोला. पण रेल्वेचे रूळ तळ्याला चिकटून जातात. हॉटेल आणि पाणी यांच्यामध्ये रूळ असू शकतात, "तळ्यापासून ५० मीटर" हे तरीही खरंच असतं. दुसरं म्हणजे डोंगर पश्चिमेला, त्यामुळे जानेवारीत ऊन लवकर जातं.

दक्षिणेला श्युटडॉर्फ. दिसायला साधं, सुपरमार्केट वगैरे असलेलं, दर उतरलेले. तिथून आरायट गोंडोला थेट वर जातो आणि शेजारच्या काप्रून गावाची बसही सोयीची. कुणी फोटो काढायला तिथे जात नाही, पण पैसा वसूल म्हणाल तर हाच भाग.

पूर्व काठाला टूमर्सबाख. शांत, दुपारचं ऊन इकडेच पडतं, समोर गाव आणि अख्खा डोंगर दिसतो. लिफ्टसाठी मात्र गाडी किंवा बस लागणारच.

आई-बाबा असतील तर मी डोळे झाकून टूमर्सबाख घेईन.

मूकवाचक | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

बंड्याच्या प्रतिसादासाठी वाचनखूण साठवली आहे.

टूलिप_मंदार | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

आठवडा कुठला? त्यावर सगळं आहे. ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की सुट्ट्या संपतात आणि जानेवारीअखेरपर्यंत दर खाली असतात. फेब्रुवारी लागला की ऑस्ट्रियातल्या शाळांच्या सुट्ट्या, मग बायर्नच्या (बव्हेरियाच्या), मग आमच्या डचांच्या. तीच खोली, तोच केक, भाव वेगळा. आणि शनिवार ते शनिवार घेऊ नका. शनिवारी अर्धा युरोप खोली बदलत असतो. रविवार ते शुक्रवार मागा, बहुतेक ठिकाणी जानेवारीत देतात.

तळ्याचंच आकर्षण असेल तर ऑस्ट्रियाच्याच कॅरिंथिया राज्यातलं वाइसनझे पण बघा. तिथलं तळं ९३० मीटरवर आहे, जाड गोठतं, आणि आमचे हजारो डच लोक दर हिवाळ्यात तिथे २०० किलोमीटर स्केटिंग करायला जातात, कारण आमच्याकडचे कालवे हल्ली गोठतच नाहीत. स्कीचा उतार मात्र छोटा आहे, तुमच्या नवऱ्याला एका दिवसात कंटाळा येईल.

रेल्वेवेडा | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:२५

स्वस्तच हवं तर स्लोव्हेनियातलं बोहिन. तळ्याच्या टोकाला उकांत्स म्हणून वाडी आहे, तिथून केबल कार थेट १५३५ मीटरवर फोगेलला. गाव ऑस्ट्रियापेक्षा बरंच परवडतं. फक्त तिथे भिस्त नैसर्गिक बर्फावर, नाही पडला तर नाही. आणि १९०६ सालच्या रेल्वेने जाता येतं, सहा किलोमीटरहून लांब बोगद्यातून!

पण तुम्ही त्सेललाच जा, कारण स्टेशन तळ्याकाठीच आहे. साल्झबुर्गहून थेट गाडी, पावणेदोन तासांच्या आत. तुमच्याकडे जर्मनीचं मासिक तिकीट असेल तर ते साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनापर्यंत चालतं. पुढचं ऑस्ट्रियन तिकीट वेगळं काढायचं. त्यातही मे २०२५ पासून साल्झबुर्ग राज्यात मुक्काम करणाऱ्या पाहुण्याला राज्यातली सार्वजनिक वाहतूक फुकट झाली आहे. हॉटेलला आधीच विचारा, ऑनलाइन नोंदणी केली की ते तिकीट आधी मिळू शकतं. स्की बससाठीही भांडायला नको.

विषयांतर : त्सेलहून क्रिमलच्या दिशेने १८९८ सालची नॅरोगेज आहे, रुळांमधलं अंतर ७६० मिलिमीटर. आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा रुंद, माथेरान ६१० आहे.

वैदेही_म्युनिक | १५ नोव्हेंबर, दुपारी १:००

रेल्वेवेडा, हे बाबांना वाचून दाखवलं. ते भुसावळच्या लोको शेडमध्ये ३४ वर्षं होते. व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न : "ट्रॅक्शन कुठलं?" म्हणजे गाडी कुठल्या विजेवर चालते.

रेल्वेवेडा | १५ नोव्हेंबर, दुपारी १:०४

१५ किलोव्होल्ट, १६.७ हर्ट्झ. आपल्याकडे २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्झ. काकांना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

भटक्या_सदाशिव | १५ नोव्हेंबर, दुपारी २:३०

धागा स्कीइंगचा आहे की व्हीजेटीआयच्या तोंडी परीक्षेचा?

पॉलिसीवाला_काका | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१५

हॉटेलात ३०० युरो वाचवून हेलिकॉप्टरमध्ये हजारो घालवू नका. तीन गोष्टी सांगतो.

एक, आई-बाबांची व्हिसासाठी काढलेली पॉलिसी. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, ते असतंच. पण हिवाळी खेळ बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात किंवा जादा पैसे भरून घ्यावे लागतात. ते स्की करणार नाहीत हे मान्य, पण नातवंडांबरोबर घसरगाडीवर बसतील की नाही? लाकडी घसरगाडी, डोंगरावरून दोन-तीन किलोमीटर, ती काही बागेतली घसरगुंडी नसते. पॉलिसीचा कागद आजच वाचा.

दोन, तुमची जर्मन सरकारी आरोग्य विम्याची कार्डं. त्यामागची युरोपियन बाजू ऑस्ट्रियात चालते, पण डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च त्यात येत नाही. शिवाय स्कीच्या गावांतले पुष्कळ दवाखाने खाजगी असतात, तिथे आधी बिल, मग बाकीचं. जर्मन आल्पाइन क्लबचं सभासदत्व असेल तर त्यात सुटकेच्या खर्चाचं २५,००० युरोपर्यंतचं संरक्षण येतं. पुष्कळ लोक फक्त त्यासाठी सभासद होतात.

तीन, साल्झबुर्गमध्ये १५ वर्षांखालच्या मुलांना उतारावर हेल्मेट सक्तीचं. मोठ्यांना नाही, पण मोठ्यांचं डोकं काही वेगळ्या मालाचं नसतं.

सुगरण_अनू | १५ नोव्हेंबर, रात्री ८:५०

वैदेही, आई अंडं खातात का? हाफ बोर्डचा सगळा हिशोब त्यावर आहे.

पहिला धोका म्हणजे सूप. रोज रात्री पहिलं येतं ते सोनेरी पातळ सूप, वर धिरड्याच्या पट्ट्या तरंगतात. इतकं निरागस दिसतं की विचारावंसंच वाटत नाही. ते गोमांसाचं पाणी असतं. माझ्या सासूबाईंनी अर्धी वाटी संपवल्यावर मला कळलं आणि मी आजतागायत तोंड उघडलेलं नाही. (इथे टोपणनाव आहे म्हणून लिहितेय.)

मागायला चांगलं म्हणजे कासनॉकन, त्या पिंट्सगाव भागाचीच खासियत. पिठाचे छोटे गोळे, तिथलं झणझणीत वासाचं चीज, वर कुरकुरीत कांदा, लोखंडी तव्यातच येतं. पिठात अंडं असतं बरं का. काइझरश्मार्न म्हणजे फाडलेलं गोड धिरडं, त्यातही अंडं. अंडं चालत नसेल तर बुकिंगच्या वेळीच ईमेल करा. जेवणाच्या टेबलावर सांगितलं तर उकडलेल्या भाज्या आणि दिलगिरी मिळते.

आणि खोलीत किटली असेल हे गृहीत धरू नका, तिकडे बहुतेक नसते. मेतकूट, भाजणी, गूळ-शेंगदाणे न्या. भात मिळतो, त्यावर मेतकूट-तूप म्हणजे आईंचा दिवस सुखाचा.

शंकाखोर | १५ नोव्हेंबर, रात्री ९:२०

हॉटेलात सॉना असतो ना? आई-बाबांना नेलं तर चालेल?

इन्सब्रुकचा_बंड्या | १५ नोव्हेंबर, रात्री ९:२६

ऑस्ट्रियात सॉनामध्ये कपडे घालून जात नाहीत. स्त्री-पुरुष एकत्र. पोहण्याचे कपडेसुद्धा नाहीत. दारावर पाटी असते, पण जर्मनमध्ये.

शंकाखोर | १५ नोव्हेंबर, रात्री ९:२७

शंका मागे घेतो.

वैदेही_म्युनिक | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

अपडेट. टूमर्सबाखच्या हॉटेलात दोन खोल्या होत्या. नवरा म्हणाला, "दोन दिवस थांबू, अजून उतरतील." तिसऱ्या दिवशी एकच उरली. आता पश्चिम काठावरचं घेतलंय, गावाच्या उत्तरेला, बंड्याने इशारा दिलेलंच : पाणी आणि हॉटेलमध्ये रूळ. पण रविवार ते शनिवार सहा रात्री, हाफ बोर्ड, दुपारचा केक, दोन खोल्या मिळून रात्रीला २९० युरो. लिफ्टजवळ याच आठवड्यात ४०० च्या खाली काही नव्हतं. स्थानिक कर माणशी वेगळा, तो मोठ्यांनाच.

स्की पासबद्दल कुणी सांगेल का? सहा दिवसांचा सगळ्यांचाच काढायचा का?

इन्सब्रुकचा_बंड्या | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:००

अजिबात नाही. हॉटेलात वाचवलेले पैसे लोक पासावर उडवतात.

मोठ्या माणसाचा दिवसाचा पास ७० युरोच्या वर आहे. नवरा आणि मुलगा यांना बहुदिवसांचा घ्या. तो श्मिटन (म्हणजे श्मिटनहोहे) आणि काप्रूनचा किट्सश्टाइनहॉर्न डोंगर दोन्हीकडे चालतो, आणि मोठ्या कार्डात झालबाखचा सगळा परिसर धरून ४०८ किलोमीटर उतार येतात. तितके सहा दिवसांत दोन जन्म घेतले तरी होणार नाहीत.

मुलीला पहिले दोन-तीन दिवस पूर्ण पास नको. स्की स्कूल सुरुवात करते ते सपाटीवरच्या छोट्या पट्ट्यांवर, त्याचं वेगळं स्वस्त तिकीट असतं. काप्रून गावात लेखनरबेर्ग हा असाच नवशिक्यांचा उतार आहे. तुम्हीही तिच्याबरोबर तिथेच उभ्या राहा, देवाची मर्जी राखून. ऑस्ट्रियात हिरवा उतार नसतो, निळा सगळ्यात सोपा, मग लाल, मग काळा. आणि एक नियम पाठ करा : पुढचा माणूस राजा. तो वेडावाकडा वळला तरी सांभाळायचं मागून येणाऱ्याने.

आई-बाबांना पादचाऱ्यांचं तिकीट मिळतं, श्मिटनच्या माथ्यावर चालायची वाट दाबून तयार केलेली असते. वरून तीन हजार मीटरवरची तीसहून जास्त शिखरं दिसतात. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ १८८५ साली ही शिखरं बघायला वर आली होती, तिच्या नावाचं छोटं चर्च आहे. केबल कार १९२७ च्या अखेरीस आली.

सगळ्यात महत्त्वाचं : स्कीज भाड्याने घ्याल तेव्हा लिफ्टच्या पायथ्याशी डेपो असलेलं दुकान घ्या. रात्री स्कीज आणि बूट तिथेच ठेवायचे. मग सकाळी साध्या बुटांत हात हलवत बसमध्ये चढता येतं. तळ्याकाठी राहणाऱ्याने हे केलं नाही तर तो तिसऱ्या दिवशी नवरा-बायकोचं भांडण विकत घेतो.

टूलिप_मंदार | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

गाडीने गेलात तर कुफश्टाइन-दक्षिणच्या फाट्यावर महामार्ग सोडा. सीमेपासून तिथपर्यंत ऑस्ट्रियाचा टोल स्टिकर लागत नाही. पुढे सेंट योहानवरून साधा रस्ता. हिवाळी टायर तर जर्मनीत असतीलच. शनिवारी परतताना जीपीएसने गल्लीबोळातून वळवलं तर वळू नका, वाटेतल्या टायरोल राज्यात सुट्टीच्या हंगामात काही ठिकाणी मधल्या रस्त्यांवर बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. दंड होतो.

वैदेही_म्युनिक | २ फेब्रुवारी, रात्री ११:१०

आलो. वृत्तांत लिहिल्याशिवाय झोपायचं नाही असं ठरवलंय, कारण तुमच्यामुळेच सगळं नीट पार पडलं. बरं-वाईट दोन्ही लिहिते.

आधी वाईट. "तळ्याकडे तोंड" म्हणून घेतलेल्या खोलीतून तळं दिसतं, पण आधी कुंपण, मग विजेच्या तारा, मग रूळ, मग तळं. बुकिंगच्या पानावरच्या फोटोत तारा नव्हत्या. फोटो तिसऱ्या मजल्यावरून काढलेला होता, आमची खोली पहिल्यावर. मी रिसेप्शनवर जाऊन तावातावाने बोलणार, तेवढ्यात बाबा बाल्कनीतून ओरडले, "वैदू, इकडे ये, मालगाडी!"

त्यानंतर सहा दिवस त्या बाल्कनीचा ताबा त्यांच्याकडे होता. कानटोपी, मफलर, पांघरूण, हातात शाळेची वही. गाडी, वेळ, दिशा, डब्यांची संख्या. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अहो, लेक व्ह्यूचे पैसे भरलेत, जरा तळ्याकडेही बघा." बाबा म्हणाले, "लेक तर समोरच बसलीय." मग स्वतःच दहा मिनिटं हसत होते. हा विनोद आता आयुष्यभर ऐकायचा आहे.

आईची तक्रार उन्हाची. दुपारी तीनच्या आत सावली यायची, डोंगर ऊन गिळायचा. समोर टूमर्सबाखला मात्र ऊन पडलेलं दिसायचं, म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात. दुसऱ्या दिवसापासून आई जेवण झालं की पाहुण्यांच्या कार्डावर बस धरून तिकडे जायला लागली. जर्मनचं अक्षर येत नाही, पण ड्रायव्हरला "टूमर्सबाख" इतकं खणखणीत सांगायची की तो मान डोलवायचा. तिथे बाकावर बसून विणकाम. चौथ्या दिवशी एक ऑस्ट्रियन आजी शेजारी येऊन बसली, तिनेही पिशवीतून सुया काढल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. आई टोपीचा नवीन टाका शिकून आली.

तळं. कडेला गोठलेलं होतं, मध्यावर काळं पाणी. काठावर पाटी होती की बर्फावर जाऊ नका, आणि आमच्या चिरंजिवांनी "नुसता एक पाय" ठेवल्यावर मी जी किंचाळले ती बहुतेक श्मिटनच्या माथ्यावर ऐकू गेली असेल. बर्फ जाड झाल्याचं अधिकृतपणे जाहीर होईपर्यंत पाय ठेवायचा नाही, हे नव्या लोकांनी लक्षात ठेवा. रात्री मात्र एक अनुभव आला तो कुणी सांगितला नव्हता. थंडी वाढली की बर्फ आवाज करतो. आधी लांबून टंकार, मग पोटातून गुरगुर, मग कुणी जाड तार छेडावी तसा कडेकडेने पळत गेलेला सूर. मुलगी आजीच्या कुशीत शिरली. आई म्हणाली, "तळं कूस बदलतंय, झोप."

आता स्कीइंग. बंड्याचा डेपोचा सल्ला आम्ही पहिल्या दिवशी पाळला नाही. नवरा म्हणाला, "चार पावलं तर जायचंय." सकाळी पावणेनऊला बसस्टॉप. चौघांच्या स्कीज, काठ्या, हेल्मेटं, मुलीला बाथरूमला जायचंय, रस्त्यावर पारदर्शक बर्फ, आणि स्कीच्या बुटात चालणं म्हणजे पायांना सिमेंटचे डबे बांधून चालणं. बस आली ती भरलेली. दुसरी आली तीही. तिसरीत चढलो तेव्हा माझ्या काठीचं टोक एका डच काकांच्या नाकासमोर. मुलीचा वर्ग नऊ पन्नासला सुरू झाला होता, आम्ही दहा वीसला पोहोचलो. संध्याकाळी नवरा मुकाट्याने जाऊन डेपोचे पैसे भरून आला. त्यानंतर सगळं सुरळीत.

किट्सश्टाइनहॉर्नला एक दिवस सगळे गेलो. खाली गावात रिमझिम पाऊस, वर ३०२९ मीटरवर लख्ख ऊन आणि कोरडा बर्फ. बाबांना रक्तदाब आहे म्हणून म्युनिकच्या डॉक्टरांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले सावकाश जा, मध्ये थांबा, फार वेळ राहू नका. तसंच केलं. खाली पायथ्याशी स्मारक आहे. ११ नोव्हेंबर २००० ला बोगद्यातून वर जाणाऱ्या गाडीला आग लागून १५५ जण गेले होते, त्यांचं. मी मुलांना घेऊन पुढे निघाले होते, बाबा आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. नंतर बसमध्ये एवढंच विचारलं, "आग कशाने लागली?" नवऱ्याने फोनवर शोधून सांगितलं : चालकाच्या खोलीतल्या हीटरमधून, जो गाडीत बसवायचा नव्हताच. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. त्या दिवशी वहीत काही लिहिलं नाही.

जेवण. अनू, ईमेल केला होता. पहिल्या रात्री तरी सोनेरी सूप आलंच. मी वाटीवर हात ठेवला, वेटर मुलीने वही पाहिली, "मोमेंट!" म्हणाली आणि भोपळ्याचं सूप घेऊन आली. पुढे आईच्या ताटाजवळ रोज छोटी हिरवी चिठ्ठी असायची. अंडं चालत नाही हे मात्र त्यांना झेपलं नाही, दोन रात्री भात आणि परतलेल्या भाज्याच होत्या. मेतकूट कामाला आलं. किटली नव्हती. गरम पाणी स्वयंपाकघरातून थर्मासमध्ये भरून द्यायचे, हसतमुखाने.

खर्चाचं म्हणाल तर हॉटेल १७४० आणि वर स्थानिक कर. लिफ्टजवळ सहा रात्रींना २४०० पासून सुरुवात होती, म्हणजे साडेसहाशे तरी वाचले. त्यातले डेपोत, बाबांच्या बुटांना लावायच्या काट्यांच्या रबरी जाळीत (पहिल्याच सकाळी हॉटेलच्या पायरीवर घसरले, नशिबाने बसते घसरले) आणि आई-बाबांच्या श्मिटनच्या तिकिटांत मिळून दोनशेच्या आसपास गेले. पुढच्या वेळी फक्त आम्ही चौघं असू तर श्युटडॉर्फला गोंडोलाच्या जवळ राहीन. आई-बाबांबरोबर असेन तर तळ्याकाठीच, पण टूमर्सबाखच्या बाजूला. आणि नवऱ्याला न विचारता बुक करेन.

सुगरण_अनू | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

हिरव्या चिठ्ठीवर जीव ओवाळून टाकावासा वाटला. टोपीचा टाका कुठला ते आईंना विचारून लिही ना, वेगळा धागा काढ हवं तर.

टूलिप_मंदार | ३ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

ज्यांच्या नाकासमोर काठी होती ते काका माझे बॉस असू शकतात. कालच सुट्टीवरून परतलेत, नाकाबद्दल काही बोलले नाहीत.

भटक्या_सदाशिव | ३ फेब्रुवारी, सकाळी १०:००

वृत्तांत आवडला. गुलमर्गचं मत कायम आहे. पण आमची ही वाचून विचारतेय, टूमर्सबाखच्या त्या हॉटेलाला मे महिन्यात काय दर असतो?

इन्सब्रुकचा_बंड्या | ३ फेब्रुवारी, सकाळी १०:२०

सदाशिवराव, मे म्हणजे दोन हंगामांच्या मधली फट. काही हॉटेलं आणि लिफ्ट बंद असतात, उघडी असतात त्यांचे दर उतरलेले. वहिनींना तळं आणि शांतता हवी असेल तर महिन्याचा शेवट धरा. तोपर्यंत ग्रॉसग्लॉकनरचा घाटरस्ताही साधारण उघडतो.

रेल्वेवेडा | ३ फेब्रुवारी, दुपारी १२:०५

वैदेहीताई, दोन विनंत्या. काकांच्या वहीची पानं फोटो काढून टाका. आणि ती पहिल्या मजल्यावरची, तारांच्या समोरची खोली, तिचा नंबर मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. मी मागून घेणार आहे.